कडुनिंबाचा धूर आणि म्युनिकचा निकाल

मंडळी, दिवाळी अंकात डासांवर लेख म्हटल्यावर काहीजण पान उलटतील. पण जरा थांबा. जून ते सप्टेंबर आपल्या स्टुटगार्टकरांचा नेकारच्या काठी ग्रिलचा बेत ठरला की कोळशाआधी विषय निघतो तो डासांचाच. कुणी म्हणतं कापूर जाळा, कुणी अर्ध्या लिंबात लवंगा खोचून ठेवतं, कुणी पर्समधून भारतातून आणलेलं ओडोमॉस काढतं. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या कुणाच्या तरी आई म्हणतात, "चार कडुनिंबाचे डहाळे असते ना, एकही डास फिरकला नसता!" शेजारच्या जर्मन आजीही मागे नसतात. त्या गवतातून एक लांबट पान खुडतात, बोटांनी चुरगळतात आणि चावलेल्या जागेवर चोळा म्हणतात. आपल्याकडे ज्याला आजीबाईचा बटवा म्हणतात, त्याला इथे 'हाउसमिटेल' म्हणतात. शब्द वेगळा, बटवा तोच.

मी पडलो संगणकाचा माणूस, त्यामुळे औषध सुचवणं हे माझं काम नव्हे. पण या घरगुती उपायांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा एक गंमत दिसली. कडुनिंबाच्या गोष्टीचं एक टोक निघालं पुणे-सांगलीत, दुसरं चक्क आपल्या स्टुटगार्टात, आणि निकाल लागला म्युनिकमधे! ती गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवी असं मला वाटतं.

तिन्हीसांजेची धुरी

माझं आजोळ सांगली जिल्ह्यातलं. तिथे दिवेलागणीला गोठ्यात गोवरीचा निखारा ठेवून त्यावर कडुनिंबाचा ओला पाला टाकत. धूर आधी गुरांसाठी, मग माणसांसाठी! हाच पाला धान्याच्या कणगीत आणि रेशमी साड्यांच्या घडीत जाई, आणि पाडव्याला गुढीवर चढून आपल्या तोंडातही येई. एका झाडाला इतकी कामं लावणारा समाज त्या झाडाला नीट ओळखत होता यात शंका नाही.

धुरीचं शास्त्रही जुनं आहे. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी असं सांगितलं आहे. मात्र तिचा रोख डासांवर नाही, जखमेला बाधा करणाऱ्या अदृश्य शक्तींवर आहे. युरोपातही रोगाची साथ आली की सुगंधी लाकडं आणि वनस्पती जाळत, कारण ताप खराब हवेतून येतो असा समज होता. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. हिवतापाचा आणि डासाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी पाहून दाखवला तो 20 ऑगस्ट 1897 ला. म्हणजे शतकानुशतकं लोक धूर करत होते आणि त्याचा थोडाफार फायदाही होत होता, पण तो का होतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज त्याचं उत्तर देता येतं. चावते ती फक्त डासाची मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, त्वचेचा वास आणि अंगाची ऊब यांच्या मागावर ती येते. धुरामुळे हा माग बिघडतो. पण धूर विरला की ती परत हजर! शिवाय तो धूर आपल्याही छातीत जातो. डासांची वेटोळी अगरबत्ती ही जपानची देणगी. युएयामा एइइचिरो यांनी 1890 मधे पायरेथ्रमच्या फुलांची सरळ कांडी केली आणि पत्नी युकी यांच्या सूचनेवरून पुढे तिचं वेटोळं झालं. पायरेथ्रम म्हणजे शेवंतीच्या नात्यातली पांढरी फुलं, म्हणजे तेही मूळचं नैसर्गिकच. पण 2003 मधे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक वेटोळं पूर्ण जळलं की 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडतं असं आढळलं. तेव्हा 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' हे समीकरण इथेच मोडतं.

ऱ्हाईनकाठचा ताप

डास आणि हिवताप ही फक्त आपल्याकडची दुखणी आहेत असं आपण उगाच समजतो. स्टुटगार्टमधे ज्यांच्या नावाचा चौक आहे ते महाकवी शिलर इथल्या रेजिमेंटमधे डॉक्टर होते. ड्यूकच्या जाचाला कंटाळून सप्टेंबर 1782 मधे ते रातोरात स्टुटगार्टहून पळाले. पुढच्या वर्षी मानहाइममधे त्यांना गाठलं हिवतापानं! तेव्हा ऱ्हाईन नदी असंख्य वळणं घेत, दलदली करत वाहायची. सिंकोना झाडाची साल हाच त्यावरचा उपाय होता आणि शिलर यांनी ती भरपूर खाल्ली. अभियंता योहान गॉटफ्रीड टुल्ला यांच्या योजनेनुसार 1817 पासून ऱ्हाईन सरळ करण्याचं काम सुरू झालं. बाझेल ते वोर्म्स या टप्प्यात नदी सुमारे 81 किलोमीटरनं आखूड झाली. दलदली घटल्या, आणि पुढच्या काळात ताप ओसरायला ज्या गोष्टी कारण झाल्या त्यातली ही एक.

ताप गेला तरी डास राहिले. आपल्या भागात डासाला 'श्नाके' म्हणतात. उत्तर जर्मनीतल्या माणसापुढे हा शब्द वापरलात तर तो लांब पायांचा, न चावणारा वेगळाच कीटक समजेल! या श्नाकेविरुद्ध ऱ्हाईनकाठच्या गावांनी 1976 मधे एक संघटना उभी केली. तिचं आद्याक्षरी नाव 'काब्स'. योगायोग बघा, त्याच 1976 मधे इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात असा जिवाणू सापडला, जो खाल्ल्यावर डासांच्या अळ्या मरतात पण माशांना किंवा माणसांना अपाय होत नाही. त्याचं संक्षिप्त नाव बीटीआय. यातलं 'टी' हे अक्षर जर्मनीच्या थुरिंगेन प्रांतावरून आलं आहे, कारण या कुळातला जिवाणू एर्न्स्ट बर्लिनर यांना 1911 मधे तिथल्या पिठाच्या पतंगात सापडला होता. ऱ्हाईनला पूर आला की काब्सची माणसं आधी डबक्यातल्या अळ्या मोजतात आणि मग गरजेप्रमाणे बीटीआय टाकतात, काही ठिकाणी हेलिकॉप्टरमधून बर्फाच्या गोळ्यांच्या रूपात! त्यामुळे न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्याही घटतात का, पक्ष्यांचं अन्न कमी होतं का, यावर इथल्या शास्त्रज्ञांमधे वाद आहे. पण तो आकड्यांनी घातला जातो, कारण दोन्ही बाजूंकडे नोंदी आहेत.

1976 हे साल आपल्याकडेही महत्त्वाचं. 1947 मधे भारतात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत. 1953 पासून डीडीटीच्या फवारण्या सुरू झाल्या आणि 1965 पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. गावाकडच्या घरांच्या भिंतीवर फवारणीच्या तारखा लिहिलेल्या असत, अनेकांना आठवत असेल. मग डास डीडीटीला सरावले, यंत्रणा सैलावली, आणि 1976 मधे रुग्ण पुन्हा 64 लाखांवर गेले! रसायनांचा असा भ्रमनिरास होत होता त्याच सुमाराला जगाचं लक्ष आपल्या दारातल्या कडुनिंबाकडे वळत होतं.

कडुनिंब होहेनहाइमला येतो

1959 मधे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर सुदानमधे होते. टोळधाड आली आणि दिसेल ते हिरवं फस्त झालं. उभी राहिली ती फक्त कडुनिंबाची झाडं. टोळ त्यांच्यावर बसले, पण पानं न खाताच उडाले. इकडे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि सहकाऱ्यांनी 1962 मधे निंबोळीची पूड पाण्यात कालवून पिकावर फवारली आणि टोळांनी ते पीक सोडून दिल्याचं दाखवलं. 1968 मधे इंग्लंडमधे निंबोळीतून मुख्य द्रव्य वेगळं केलं गेलं, त्याचं नाव अझाडिराक्टिन. कीटकांची भूक मारणं आणि त्यांना कात टाकून वाढू न देणं, ही त्याची मुख्य कामं. कडुनिंबावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1980 मधे भरली ती जर्मनीतच, बायर्नमधल्या रोटाख-एगर्न या गावी.

पण या रेणूची रचना काही केल्या सुटेना. 35 कार्बन, 44 हायड्रोजन, 16 ऑक्सिजन, आणि त्यांची विलक्षण गुंतागुंत. 1975 मधे सुचवलेली रचना पुढे चुकीची ठरली. 1985 मधे बरोबर रचना मांडणाऱ्यांत अग्रभागी होते प्राध्यापक वोल्फगांग क्राउस आणि त्यांचे सहकारी. हे होते होहेनहाइम विद्यापीठाचे. होय, तेच, विमानतळाजवळचं, ज्याच्या बागेत आपली निम्मी मंडळी रविवारी बाबागाड्या घेऊन फिरायला जातात! 1816 च्या उन्हाळा न आलेल्या वर्षी इथे दुष्काळ पडला, म्हणून वुर्टेंबर्गच्या राजानं 1818 मधे तिथे शेतकी शाळा काढली. कान्स्टाटचा फोल्क्सफेस्टही त्याच वर्षी सुरू झाला. त्या शेतकी शाळेच्या वारसानं आपल्या गुढीवरच्या झाडाचं कोडं सोडवायला हातभार लावला. तोच रेणू प्रयोगशाळेत पूर्णपणे घडवायला मात्र 2007 उजाडलं, म्हणजे आणखी 22 वर्षं!

पुणे आणि सांगलीची साक्ष

आता 1985 हे साल लक्षात ठेवा, कारण खरी गोष्ट इथून सुरू होते. होहेनहाइममधे रेणूची रचना मांडली जात होती त्याच वर्षीच्या आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर निंबोळीच्या अर्काच्या चाचण्या चालल्या होत्या. पिकांवरच्या बुरशीला तो रोखतो का, हे बघायला.

डिसेंबर 1990 मधे अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांनी म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयाकडे अर्ज केला. विषय: निंबोळीच्या तेलानं वनस्पतींवरची बुरशी रोखण्याची पद्धत. सप्टेंबर 1994 मधे पेटंट मंजूर झालं. भारतात गहजब उडाला. जून 1995 मधे तिघांनी मिळून हरकत घेतली: वंदना शिवा यांची संस्था, युरोपीय संसदेतल्या माग्दा आलवूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना.

भारताच्या बाजूनं आधी एक विजय झाला होता. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मार्च 1995 मधे दिलं गेलं होतं. आपले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक. संस्थेनं 32 लिखित संदर्भ गोळा करून पुढे ठेवले, त्यात 1953 मधे भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक शोधनिबंधही होता. 1997 मधे पेटंट रद्द झालं. मुंगी चावली की हळद लावणाऱ्या कोट्यवधी आयांच्या अनुभवाला जे जमलं नसतं ते त्या छापील कागदांनी करून दाखवलं.

कडुनिंबाच्या बाबतीत प्रश्न जास्त अवघड होता. परंपरा होती, ग्रंथ होते, भावना तर होत्याच. पण पेटंटातला दावा अगदी नेमका होता: अमुक पद्धतीनं काढलेलं तेल, अमुक प्रमाणात, बुरशीवर. 'आमच्याकडे हजारो वर्षं वापरतात' हे त्यावरचं पुरेसं उत्तर नव्हतं. मे 2000 मधे म्युनिकला सुनावणी झाली. त्यात पुण्याच्या एका कंपनीचे अभय फडके साक्षीला उभे राहिले. कडुनिंबाचे अर्क बनवणं हा त्यांचा व्यवसाय. 1985 आणि 1986 मधल्या त्या शेतांवरच्या चाचण्यांची हकीकत त्यांनी सांगितली, आणि पेटंट कार्यालयाच्या मंडळाला ती पटली. पेटंटातली पद्धत अर्ज करण्यापूर्वीच पुणे आणि सांगली जिल्ह्यांत उघडपणे वापरली गेली होती, असं मंडळानं मान्य केलं. 10 मे 2000 ला पेटंट रद्द झालं. अपील झालं, तेही 8 मार्च 2005 ला फेटाळलं गेलं. अर्ज ते अंतिम निकाल, सव्वाचौदा वर्षं!

त्यानंतर भारत शहाणा झाला. 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभा राहू लागला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतली कृती युरोपीय भाषांतही नोंदवली गेली, आणि फेब्रुवारी 2009 मधे म्युनिकच्या तपासनिसांना तो संग्रह खुला झाला. आमच्या संगणकाच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे: नोंद नसेल तर काम झालं नाही असं समजा. मला तो नियम पूर्वी फार कोरडा वाटायचा. ही हकीकत वाचल्यापासून वाटत नाही.

मग डासांचं काय?

ग्रिलपाशी बसलेली मंडळी विचारतील, कडुनिंब डासांवर चालतो की नाही ते सांगा! दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 1993 मधे एक चाचणी प्रसिद्ध केली. खोबरेल तेलात दोन टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून अंगाला लावल्यावर हिवतापाच्या जातीचे डास बारा तास चावले नाहीत. पुढच्या चाचण्यांमधे इतका चांगला निकाल सगळीकडे आला नाही. काही ठिकाणी परिणाम तीनेक तासांतच ओसरला. म्हणजे उपाय खोटा नाही, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नये. आणि हे तेल फक्त बाहेरून लावायचं. ते पाजल्यामुळे लहान बाळं गंभीर आजारी पडल्याचं मलेशियातून 1981 मधेच नोंदवलं गेलं आहे.

सिट्रोनेला हे आपल्या गवती चहाचं भावंड. तेल छान, पण पटकन उडून जाणारं. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारं पीएमडी हे वनस्पतिजन्य उपायांत सर्वात भरवशाचं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 2005 मधे त्याची शिफारस केली, मात्र तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नये. डेंग्यू किंवा हिवताप असलेल्या भागात, म्हणजे सुट्टीत घरी जाताना, डीट किंवा इकारिडिन आणि मच्छरदाणी यांना पर्याय शोधू नका. आणि घरात धुरी करण्याचा मोह झाला तर एक लक्षात असू द्या: बाडेन-वुर्टेंबर्गमधे 2014 च्या अखेरीपासून जुन्या घरांतही धूरसूचक यंत्र सक्तीचं आहे. डास जातील की नाही माहीत नाही, पण शेजारी नक्की येतील!

चावल्यावर खाज येते ती डासाच्या लाळेमुळे. लाळेवर शरीर चिडतं आणि हिस्टामिन सोडतं. गार पाण्याची पट्टी साधी आणि चांगली. जर्मन आजींचं ते लांबट पान म्हणजे श्पिट्झवेगेरिश, आपल्या इसबगोलाचं नातेवाईक. इथे त्याचा वापर पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. औषधांच्या दुकानात मिळणारी छोटी विजेची कांडी चावलेल्या जागी काही सेकंद सुमारे 51 अंशांची ऊब देते, अनेकांना तिनं आराम पडतो. सूज पसरली, श्वास लागला किंवा ताप आला तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

सर्वात जुना आणि सर्वात स्वस्त उपाय मात्र साचलेलं पाणी ओतून देण्याचा. महाराष्ट्रात आठवड्याचा 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात तो याचसाठी. आता तो इथेही पाळायला हवा. दिवसा चावणारा, पट्टेरी पायांचा टायगर डास जर्मनीत पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्याच्या दक्षिण टोकाला, 2007 मधे, आणि आता राज्यातल्या अनेक शहरांत त्यानं बस्तान बसवलं आहे. बाल्कनीतल्या कुंडीखालची बशी त्याला पुरते. ज्यांच्या बागेत पावसाच्या पाण्याचं पिंप आहे त्यांनी बीटीआयच्या गोळ्या टाकाव्यात, बागकामाच्या दुकानांत मिळतात.

शेवटी एक विनंती. या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा फराळाची चौकशी झाल्यावर आईला, आजीला, मावशीला विचारा: डासांना तुम्ही काय करत होता? पाला ओला की वाळलेला? तेल किती, कशात मिसळायचं, बाळाला लावायचं की नाही, कुणाला त्रास झाला होता का? गावाचं नाव आणि साल विचारायला विसरू नका. सगळं वहीत लिहून ठेवा. त्यातलं निम्मं पुढे चाचणीत टिकणार नाही, हरकत नाही. जे टिकेल ते कुणाचं, कुठलं आणि केव्हाचं हे सांगायला निदान एक कागद आपल्याकडे असेल.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!